सातव्या रांगेची नोंद

२ सप्टेंबर, सोमवार

चौतीस वर्षं छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, निवृत्तीलाही अकरा वर्षं झाली, आणि आज सूनबाईनं मला पुन्हा कामाला जुंपलं. पगार नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, निदान चहा तरी ठरवून घ्या." मी म्हटलं, "मानाचं काम आहे, मानधनाचं नाही."

काम असं आहे. सूनबाई ज्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात आहे तिची चाळीस मोठी दुकानं आहेत. धान्य, भाजी, साबण, बादल्या, सगळं एका छपराखाली. घरापासून चार मिनिटांवरचं आपलं दुकान त्यांतलं सर्वांत जुनं. तिथलं गिऱ्हाईक घटत चाललंय. मोठ्या साहेबांचं म्हणणं, तिथं लोकांना येऊच देऊ नये. गोदाम करावं आणि फोनवरून मागवलेला माल तिथून घरोघर धाडावा. गोदामाला चार माणसं पुरतील. दुकानात आज बावीस आहेत. निर्णय महिनाअखेरीला, आणि त्याआधीचा अहवाल सूनबाईनं द्यायचा. एकटीच्या नावानं तिचा हा पहिलाच. तिला वाटतं दुकान जगेल, पण वाटण्याला कोण विचारतो.

"काय विकलं जातं ते यंत्र सांगतं बाबा," ती म्हणाली. "पण काय उचलून परत ठेवलं जातं, ते कोणी सांगत नाही. त्यासाठी दिवसभर बसून बघणारं माणूस हवं. म्हातारं माणूस बसलं असेल तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही," आणि लगेच जीभ चावली.

मला राग आला नाही. खरंच आहे ते.

एकच नियम घातलाय. बोलायचं नाही, फक्त बघायचं. बोललं की लोक वेगळे वागतात आणि आकडे नासतात. म्हटलं, मुद्रितशोधकाला हे शिकवू नकोस. आमच्याकडेही तेच होतं. समासात खूण करायची, मजकुराला हात लावायचा नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

सातव्या रांगेच्या टोकाला खांब आहे, त्याला टेकून घडीचं स्टूल ठेवलं. समोर बिस्किटं, टोस्ट, ओट्स, डबाबंद सूप. बसल्या जागेवरून पाचवी आणि सहावी रांगही दिसते. तक्त्यात रकाने आखलेले: आले, थांबले, किती वेळ, उचललं, परत ठेवलं, टोपलीत घातलं.

दुकान म्हणजे एक पुस्तकच आहे, हे मला आज कळलं. मथळा डोळ्यांच्या उंचीवर, तिथं महागाचा माल. तळटीप पायाशी, तिथं स्वस्ताचा. लहान मुलांच्या गोळ्या लहान मुलांच्या नाकासमोर. दूध सर्वांत शेवटी, म्हणजे दुधासाठी आलेल्याला सगळी पानं उलटत जावं लागतं. ज्यानं हे बांधलं तो कारागीर खरा.

सेकंदांचा हिशेब डोक्यात राहीना, म्हणून एक युक्ती काढली. जो टेकतो न टेकतो तोच निघून जातो तो लघू. जो थबकतो तो गुरू. शाळेत कवितेच्या ओळीवर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढायचो तशा कागदावर काढत गेलो. सेकंद घड्याळावरून प्रत्येक खुणेपुढे मागाहून मांडले. पाचव्या रांगेचं वृत्त द्रुत आहे, पळत्या घोड्यासारखं. सहावीत मधेच एक यती. दुपारी डोळे मिटून ऐकलं तर गाड्यांच्या चाकांतूनही चाल ऐकू येते. बाकावर पाय हलवत सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, तशी. मग जरा डुलकी लागली. तिचीही नोंद केली आहे, सात मिनिटं.

५ सप्टेंबर, गुरुवार

हिरव्या छत्रीच्या एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. एक डबा नाकाला लावला, मग हातभर लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, जरा बघता का? यात मीठ किती ते लिहिलंय म्हणतात. मला तर नुसती काळी रेघ दिसते."

भिंग खिशात असतंच. वाचून दाखवलं. "दर शंभर ग्रॅममध्ये, स्वल्पविराम, मीठ एक पूर्णांक दोन दशांश ग्रॅम, पूर्णविराम."

त्या म्हणाल्या, "पूर्णविरामसुद्धा घालतात का त्यात?"

सवय. छापखान्यात पहिली नऊ वर्षं माझं काम तेच होतं. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि समोरच्यानं छापलेल्याशी ताडून बघायचं. दिवसाकाठी आठ तास वाचायचो आणि घरी आलो की ही म्हणायची, "दिवसभर तोंडातून शब्द काढला नसेल तुम्ही, आता तरी बोला." तिला बरोबर कळायचं. वाचणं म्हणजे बोलणं नव्हे. वाचताना माणूस स्वतः तिथं नसतोच.

तेव्हा नियम पाळला आहे. बाईंच्या नावे एक गुरू, पाच मिनिटं. डबा टोपलीत.

९ सप्टेंबर, सोमवार

सातवी रांग भलतीच रंगते आहे. पाचवी-सहावीत माणूस वाऱ्यासारखा जातो आणि इथं येऊन थबकतो. आज सतरा गुरू.

एक निवृत्त बसड्रायव्हर रोज येऊ लागलेत. आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. "डॉक्टर म्हणतात साखरेवर नजर ठेवा. कशी ठेवू? मला मैलावरचा ट्रक दिसतो, हातातलं बिस्किट दिसत नाही." चार पुडे वाचून दाखवले. ते ऐकून दोन बायका थांबल्या, त्यांचे ओट्स वाचले. मग ड्रायव्हरांनी त्यांना कुठल्याशा घाटातली ब्रेक निकामी झाल्याची गोष्ट सांगितली. मी एक अक्षर बोललो नाही. ते तिघं मिळून अकरा मिनिटं उभे होते. मांडलं.

गल्ल्यावरच्या बाईंना इथं सगळे 'सरकार' म्हणतात. अठरा वर्षं त्या एकाच खुर्चीवर आहेत आणि मॅनेजरही त्यांना विचारून शिंकतो. जाताना म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या रांगेत रोज सभा भरते हो."

म्हटलं, "मालच तसा मांडलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "असेल," म्हणाल्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज एकतीस गुरू, लघू फक्त चार. असं वृत्तच नाही. ओळीनं इतके गुरू आले की ओळ चालत नाही, बसते, असं आमचे मास्तर म्हणायचे आणि छडी बाकावर टेकवून दाखवायचे. कुठंतरी खटकतंय, पण रेघा मोजल्या, बरोबर आहेत.

ही असती तर तिला विचारलं असतं. ती म्हणायची, तुम्हाला अक्षर न् अक्षर दिसतं, वाक्य मात्र दिसत नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

सूनबाई दोन आठवड्यांचे कागद घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. पाचवी रांग, सरासरी वीस सेकंद. सहावी, पंचवीस. सातवी, चार मिनिटं दहा सेकंद. तिनं तीनदा बेरीज केली.

"बाबा, हे कोणत्याच दुकानात नाही. चार मिनिटं लोक झोपण्याच्या गाद्या बघताना थांबतात. बिस्किटांपुढे नाही."

"आपली बिस्किटं आहेतच तशी," मी म्हटलं.

मग तिनं एका कागदावर मोठी अधिक खूण काढून चार चौकोन केले. बळ, उणीव, संधी, धोका. कंपनीत सगळा विचार या चार घरांत बसवतात. मला ते फार आवडलं. चार चरणांचा श्लोकच तो. धोक्याच्या घरात फोनवरून मागवणं. उणिवेच्या घरात जुनी जागा, गाड्या लावायला ठाव नाही, आसपास म्हाताऱ्यांची वस्ती. बळाचं घर इतके दिवस रिकामं होतं म्हणे. तिथं तिनं लिहिलं: सातवी रांग.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी अदबीनं वागते, आणि अदब म्हटलं की मधे एक पायरी राहतेच. आज वहीवरून मान वर करून म्हणाली, "तुम्ही नसता तर मला हे सापडलंच नसतं." मी पाणी प्यायला उठलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मोठे साहेब स्वतः दुकान बघायला आले. बूट चकचकीत, बोलणं मोजकं. सातव्या रांगेपुढे उभे राहिले. मी शिस्तीत स्टुलावर, कागद मांडीवर. त्या वेळी रांगेत नेमकं कोणी नव्हतं. साहेबांनी फळ्यांची उंची मोजायला लावली, दिव्यांचे फोटो घेतले, बिस्किटांच्या शेजारी सूप हा क्रम कोणी ठरवला ते विचारलं. मॅनेजर म्हणाले, "साहेब, जागा उरली होती म्हणून."

"हाच क्रम चाळीसही दुकानांत लावायचा," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून. आणि हे दुकान तर आता चालू ठेवावंच लागेल." सूनबाईला म्हणाले, "चांगलं काम."

सरकारांनी गल्ल्यावरूनच सगळं ऐकलं. दुपारी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. चिरंजीवांना सांगितलं, मागितला नाही, मिळाला.

२३ सप्टेंबर, सोमवार

गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन दिवस घरी बसवलं. सूनबाईनं ऑफिसातला एक सहकारी माझ्या स्टुलावर पाठवलाय. जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा काढला आणि इयत्ता सहावीच्या कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटल्या. दोन ठिकाणी अडखळलो. पुस्तक उघडून बघितलं नाही. पुढे आठवतील.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सहकाऱ्याचा तक्ता आला. पाचवी रांग वीस सेकंद. सहावी चोवीस. सातवी अठ्ठावीस.

सूनबाई कागदाकडे बघत बसली. मी म्हटलं, "त्याला चिकाटी नसेल. मोबाइल बघत बसला असेल."

"मग पाचवी-सहावी बरोबर कशी मोजली त्यानं?"

मी तक्ता माझ्याकडे ओढला. तक्त्याच्या समासात त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तीन दिवसांत सव्वीस जणांनी विचारलं, भिंगवाले आजोबा कुठे आहेत.' मला बरं वाटलं. गुडघ्याची चौकशी करणारी माणसं अजून आहेत जगात. सूनबाईला तो समास वाचून काय झालं कळेना. ताटावरून अर्धवट उठली.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल पुन्हा कामावर गेलो होतो. सूनबाई सुटी काढून मसाल्यांच्या फळीआड उभी राहून दिवसभर माझ्याकडे बघत होती, हे मला ठाऊक नव्हतं. आज सकाळी समोर बसली.

"बाबा, तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"छे. एक शब्द नाही."

"मग ते काय होतं काल? त्या बाई, ते ड्रायव्हर?"

"ते वाचत होतो."

ती हसायला लागली. इतकं हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि मग हसणं थांबलं तरी पदर तिथंच राहिला.

मला सगळं उमगायला तिनं टाकलेल्या एका चहाएवढा वेळ लागला. लोक बिस्किटांपुढे थांबत नव्हते. मी मोजत होतो, आणि जे मोजत होतो ते मीच करत होतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा केल्या आणि स्वतः अख्खं पान नासवलं.

अहवाल मागच्या शुक्रवारीच, साहेब येऊन गेले त्या दिवशी, गेला आहे. बैठक सोमवारी. चाळीस दुकानांतल्या फळ्या हलवायची तयारी सुरू झालीय. मी म्हटलं, आणि हे खरं तेच लिहितो, की गप्प बस. ते तीन दिवस खोटे समज. कोणाला कळणार आहे? बावीस माणसांची पोटं आहेत. सरकार आहेत. तुझं नाव आहे.

तिनं कप विसळले, पालथे घातले. मग पाठमोरीच म्हणाली, "छापखान्यात पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करायचात?"

"शुद्धिपत्र चिकटवायचो," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. इतकी वर्षं त्याच प्रश्नाला तेच उत्तर दिलंय.

"हं," ती म्हणाली, आणि टेबलावर कागद ओढून बसली.

२९ सप्टेंबर, रविवार

तिनं लिहिलं, मी तपासलं. 'सातव्या रांगेचे आकडे ग्राह्य धरू नयेत. निरीक्षक ग्राहकांना डब्यांवरील मजकूर वाचून दाखवत होता. निरीक्षक माझे सासरे आहेत. त्यांची नेमणूक मी केली.' मी म्हटलं, शेवटची दोन वाक्यं काढ, अर्थाला त्यांची गरज नाही. म्हणाली, "मला आहे." एक ऱ्हस्व-दीर्घ सोडून काही बदललं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी ती आली, चपला नीट जोडून ठेवल्या, मग सांगितलं.

साहेब ओरडले नाहीत. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस दुकानांतली बिस्किटं मी एका आजोबांच्या भिंगावर हलवणार होतो." कोणीतरी हसलं, ते गप्प झालं. फळ्यांचं काम थांबलं. तिची पुढच्या वर्षीची बढती आता पुढच्या वर्षी नाही. दुकानाला सहा महिने दिलेत. नव्यानं मोजणी, आपल्याच नाही तर आणखी तीन दुकानांतही. ती सूनबाईच करणार, पण मोजणारी माणसं कंपनीची. तेवढ्यात बळाच्या घरात खरोखरीचं काही सापडलं तर ठीक, नाही तर गोदाम.

"आणि एक अट आहे," ती म्हणाली. जोडून ठेवलेल्या चपला पुन्हा जोडल्या. "सहा महिने तुम्ही त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही."

म्हटलं, "बरोबर आहे. मीही तेच लिहिलं असतं."

स्टूल आणायला चिरंजीव गेले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

फिरायला जाताना आता वरच्या गल्लीनं जातो, म्हणजे दुकानाची काच लागत नाही. बागेत ड्रायव्हर भेटले. "कुठं असता हो? तुम्ही गेलात आणि दुकान ओस पडलं." मी मनाशी म्हटलं, त्यांना बिस्किटं आवडायची, ती दुसऱ्या फळीवर हलवली असतील. "मी तर आता फोनवरूनच मागवतो," म्हणाले. "निदान मुलगा घरी आला की वाचून तरी दाखवतो."

फोनवरून मागवू नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. घरी येईपर्यंत कुठली कविता आठवली नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

घरात टोस्ट संपले. सूनबाईला विचारलं, "तीन थांब्यांपलीकडच्या दुकानात गेलो तर चालेल?"

"जा की. तिथं बंदी नाही. पण बाबा, वाचायचं नाही. तिथंही मोजणी चालू आहे."

गेलो. दुकान नवं, रांगा रुंद, पण दूध तिथंही शेवटीच. टोस्टच्या फळीशी एक मुलगी हातात तक्ता घेऊन उभी होती, खांबाआड, चांगली शिकवलेली. तिनं माझ्याकडे वळून बघितलं नाही. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात चांगला कोट, हातात यादी. त्यांनी सूपचा डबा उचलला. जवळ नेला. लांब धरला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. दिव्याखाली तिरपा केला. मी हात पाठीमागे बांधून घेतले होते.

"माफ करा," ते मला म्हणाले, "यात दूध आहे का, बघता का? बायकोला चालत नाही."

मी म्हटलं, "गल्ल्यावर विचारा. तिथल्या बाई सांगतील."

त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं. सात जणांची रांग होती. त्यांना लाज वाटली असावी. "राहू द्या, तसं काही नाही," म्हणाले, डबा होता तिथं नेमका ठेवला, त्याचं तोंडही सरळ केलं, आणि निघाले. यादीतलं एकही न घेता. मुलीनं तक्त्यात खूण केली. माझ्या डोळ्यांसमोर तिचे रकाने आले: आले, थांबले, उचललं, परत ठेवलं. सगळं खरं, काना-मात्रेची चूक नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो आणि टोस्ट घ्यायचे राहिले हे घराच्या दारात आठवलं.

सूनबाई नुकतीच आली होती. तिला वाटलं, टोस्ट आवडले नाहीत. मी त्या गृहस्थांचं सांगितलं. त्यांनी विचारलं ते, मी नाही म्हटलं ते, बायकोला चालत नाही ते. तक्रार म्हणून नाही, जेवायला वेळ होता म्हणून. मग एकेक आठवत गेलं तसं बाकीचंही सांगितलं. हिरव्या छत्रीच्या बाईंची काळी रेघ, ड्रायव्हरांचा मैलावरचा ट्रक. दोन आठवडे रोज पन्नास-पन्नास डबे वाचले, रांगेतल्या कुठल्या डब्यावर अक्षर मोठं होतं आणि कुठल्यावर मुंगीएवढं, हे मला नावानिशी ठाऊक आहे. मुंगीवाले डबे सूनबाईच्या कंपनीचे, तिच्या स्वतःच्या नावाच्या छापाचे. ते माझ्याकडे यायचे. मोठ्या अक्षरांचे कोणी आणतच नव्हतं. हे तक्त्यात कुठं लिहायचं? तसा रकानाच नव्हता.

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"कंपनीच्या छापाचे?"

"सगळे. टाइप पाच पॉइंटाचाही नसेल. आमच्या छापखान्यात असा कोणी लावला असता तर फोरमननं अक्षरांचे शिशाचे खिळे त्याच्या अंगावर ओतले असते."

"आसपास म्हाताऱ्यांची वस्ती," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि हे मी उणिवेच्या घरात लिहिलंय."

हात पुसून ती वही घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, समोरच्या नाही.

"पुन्हा सांगा बाबा. आजचे ते गृहस्थ. सावकाश. डबा डोळ्यांपासून किती लांब धरला होता त्यांनी?"

मी हात लांब करून दाखवला.

"तसाच ठेवा," ती म्हणाली, आणि फुटपट्टी आणायला उठली.